चुनीलाल मास्तरनं पोरी मोजल्या

...अहो, माणसं म्हणजे काय कापसाची गाठोडी आहेत का, की उचल, मोज, टाक? पण सरकारचा हुकूम! एकसष्ट साल, फेब्रुवारी महिना, शिरगणती! आणि मोजायचं कुणी? तर मास्तरनं! पोरांना पाढे शिकवतो ना, मग मोज गाव! आणि तुम्हाला सांगतो, आमचा चुनीलाल मास्तर, मूळचा कोरीटचा, नोकरीला इकडे सारंगखेड्याजवळ तापीकाठी, एकोणतीस वर्षांचा सडाफटिंग गडी, तो खुशीत निघाला हो मोजायला! काखेत सरकारी कागद, खिशात नवा टाक... मोजू नये हो! काही गोष्टी मोजूच नयेत!

खुशीत का, ते ऐका. मास्तरचं लग्न जुळत नव्हतं. त्यांच्या समाजात साटंलोटं. म्हणजे तुमची पोर आमच्या घरात, आमची पोर तुमच्या घरात, द्या आणि घ्या. आणि मास्तरला बहीण नाही! देणार काय, फळा? सात वर्षं जिथं जावं तिथं एकच, "पोऱ्या सोनासारखा शे हो, पन बहीण शे का?" नाही. "मंग च्या ल्या." च्या पिऊन पिऊन पित्त झालं बिचाऱ्याला! पण गावातले मगनभाऊ, केळीचे बागायतदार, बायको वारलेली, पदरी एकच मुलगी निर्मला, सातवी पास... त्यांना मुलगाच नाही, मग साट्यात सून आणायची नड कुठली? "दखूत," म्हणाले होते मगनभाऊ. म्हणजे बघू! सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी "बघू" म्हणालं होतं! मास्तर ढगात. निर्मला पाण्याला निघाली की ह्याला वर्गात सत्तेचाळीसनंतर एकोणपन्नास सुचायचे!

तर निघाला. पहिलंच घर. "घरात कितीजण?" "पाच." आत तर सात डोकी! "आणि ह्या दोघी?" घरधन्यानं डोळे मोठे केले, "पोरीबी लिखतस का कागदवर?" आता बोला! पुढच्या घरी, "बायकोचं वय?" "पंधरा." कडेवर एक, पदराला दोन, आणि वय पंधरा! कुणीतरी आवई उठवलेली, पंधराच्या आत लग्न लावलं म्हणून धरून नेतात. झालं! अख्ख्या गल्लीतल्या बायका पंधरा वर्षांच्या! आणि बिनलग्नाचे गडी? सगळे बावीस! मिशीत पांढरं आलंय, दोन दाढा पडल्यात, आई पुढं होऊन म्हणते, "लिखी ले, बाईस!" सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्याचं वय दात बघून काढतात ना, तसं एकेकाचं तोंड उघडायची वेळ आली. मास्तर चिडला असता, पण चिडणार कुठल्या तोंडानं? त्याची स्वतःची विधवा आई, तापीबाई, गेली सात वर्षं त्याला बावीसच सांगत होती.

आणि एकेक आजीबाई! "बाई, पोरी किती झाल्या?" "चार झाल्यात, एक राह्यनी." वांगी किडली म्हणून सांगावं, तसं! पुढं लुगड्याची किंमत विचारली तर त्यात जास्त जीव! मास्तरचा टाक थांबायचा हो.

दुपारी शाळेत बसून बेरीज केली. वीस वर्षांवरचे बिनलग्नाचे गडी, एकसष्ट. बिनलग्नाच्या, चौदावरच्या पोरी... अकरा! मास्तरनं कागद झटकला. पुन्हा मोजल्या. अकराच! त्यातल्या आठ तर साट्यात बोललेल्या. राहिल्या तीन. एकसष्ट गड्यांना तीन पोरी! आणि मास्तर स्वतः बासष्टावा! घाम फुटला हो त्याला, फेब्रुवारीत! सांगतो ना, मोजू नये!

तसाच घरी आला. भाकरी पुढं आली. जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "माय, माले बहीण का नही?" तापीबाईनं तवा खाली ठेवला. "व्हत्यात ना. दोन व्हत्यात तुन्हा मांगे. देवीना रोग उना तवय तुले गाडीमा टाकीसन शहादाले डाक्टरकडे लयी गऊत. त्यास्ले नुस्ता अंगारा लाया." आणि मग हळूच, "आते त्या ऱ्हात्यात, तर तुन्हं जुळी जातं." रडावं की ओरडावं, कळेना त्याला. आईवर ओरडावं, तर वाचलेला तो स्वतःच!

आणि ह्या धक्क्यात त्यानं काय करावं? पारावर गेला आणि बोलला! "अरे, एकसष्ट आणि तीन! गाव बुडतंय!" अहो, आपण बासष्टावे आहोत, गप बसावं ना! दिवस मावळायच्या आत गावभर! ज्याच्या घरी पोर तो पाटील झाला! मगनभाऊ आले दुसऱ्या सकाळी, फेटा बांधून. "मास्तर, तीनच ना रे? त्यामा एक मन्ही?" "हो." "मंग फुकटमा कशी देसू? साटं जोयजे."

"पण मगनभाऊ, तुम्हाला मुलगा नाही, मला बहीण नाही! साटं करायचं कुणाकुणाचं?"

मगनभाऊंनी खाकरून घेतलं. चुलीकडे बघितलं. "मी मन्ही आंडेर निर्मला देस. तू तुन्ही माय दे."

तुम्हाला सांगतो, मास्तरचा आ जो वासला तो मिटेच ना! विधवेचा पाट त्यांच्यात लागतो, त्यात वावगं काही नाही... पण आई? साट्यात? आणि त्याहून कहर म्हणजे, तापीबाई चुलीपासून म्हणते, "पोऱ्यानं घर बसस तर मन्ही ना नही." आणि लाजली हो! शेचाळीसाव्या वर्षी!

ठरलं. पोरीच्या लग्नाला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, पण पाटाला मुहूर्त कुठला? मगनभाऊंनी आठ दिवसांत उरकला! मास्तरनं स्वतः हाक मारून चार माणसं जेवायला घातली.

आखाजी चार दिवसांवर आली आणि पंच, गिरधरबापू, दारात. "काय रे, नवरी कोन?" "मगनभाऊंची निर्मला." "आनि मगन तुन्हा कोन?" आणि बापूच पुढं म्हणाले, "बाप ना रे, आते! मंग ती तुन्ही कोन?"

सात वर्षांनी जुळलेलं लग्न, एका प्रश्नात मोडलं! हमसून रडला हो, मोठा माणूस, सरकारी नोकर! बापूंनी पाठीवर थाप मारली, "रडस काय येडा! उलटं नशीब खुलनं तुन्हं! आते तुले बहीण शे! साट्यामा कोनीबी तुले पोर दी!"

आणि काय सांगू, निघाला मास्तर म्हसावदला. जिच्याशी लग्न करायचं, तिच्यासाठी नवरा बघायला! वेशीपर्यंत गेला असेल, तर मागून निर्मला पळत आली. डोळे पुसलेले, पण आवाज खणखणीत.

"भाऊ, कसाबी चाली... पन मास्तर नको!"

"बरं," म्हणाला मास्तर, आणि चालू लागला.