चौथा सिंह

तुमी हसान, पण आठवलं का आजही माह्यं डोकं फिरते. राजूरच्या आमच्या विहारासमोर अशोकस्तंभ बसवाचा होता. वणीच्या मूर्तिकारानं सिमेंटचे सिंह आणले. मी भवताल फिरून पाह्यलं तं सिंह तीनच, अन् मांगून सपाट!

म्हणलं, "चौथा कुठी हाय?"

त्यानं खिशातून रुपयाचा सिक्का काढला. "हे पाहा, मोजा. तीनच हायेत."

"अरे, चौथा मांगं असते! चारही दिशेले तोंडं असते त्याइचे. सम्राटाच्या काळापासून!"

"रस्त्यावरून तीनच दिसते, भाऊ. मांगून कोण पाहते?"

मांगं आमची वस्ती. रोज सकाळी दार उघडलं का तेच सपाट सिमेंट दिसणार होतं.

मी ओरडलो, "उचल हे तिन्ही! मांगून आमी पाहतो."