इंग्रज वहिनीचं फ्रेंच शुद्धलेखन

गास्पे या फ्रेंच बोलणाऱ्या गावाच्या बंदरावर तळलेल्या बटाट्यांच्या गाडीपुढे रांग होती. माझ्या मागेच इंग्रज घरातली इनिड आणि तिची फ्रेंच नणंद रेजान उभ्या होत्या.

"वहिनी, पेपर बघितलास? 'फ्रेंच शुद्धलेखनाच्या स्पर्धेत इंग्रज बाई पहिली!'"

"वन्सं, हळू बोला ना!"

"का म्हणून? लग्न होऊन आलीस तेव्हा तुला साधं मीठ मागता येत नव्हतं."

"मागितलं की तुम्ही मुद्दाम साखर द्यायचात."

"आणि आता मलाच हरवलंस! तेही एका चुकीच्या फरकानं!"

"राग आला?"

"आला तर! म्हणून तर सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या पिटल्या. कुणाला कळायला नको."

"बक्षीस घेतानाच्या भाषणाची मात्र लाज वाटते हो. आनंदाच्या भरात सगळं इंग्रजीतच बोलून गेले."

"परीक्षकांचा चेहरा काय झाला होता! मला तर एक अक्षर कळेना. पण माझं नाव घेतलंस आणि माझे डोळेच भरून आले. काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, फ्रेंच मला नणंदेनं शिकवलं. आणि तिच्याइतकी खाष्ट मास्तरीण अख्ख्या किनाऱ्यावर सापडायची नाही."

"अगं बाई! तेव्हाच सगळे हसले होय?"

"हो."

"मेले! आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते की गं!"