सावलीत न थांबलेली गाडी

मुलगी : हे बघा बाबा. गाडीच्या सोलर पॅनेलवर मी तळहात दाबून धरलाय. तरी चाक फिरतंय.

बाबा : अगं, हळू बोल. तुझी जोडीदार, ती बुटकी, तिकडे नाचतेय, सगळं मैदान इकडे बघतंय.

मुलगी : नाचेल नाहीतर काय! झाडाची सावली लागली तशा सगळ्यांच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. एकटी आमची सुसाट गेली. उन्हावर चालणारी गाडी सावलीत कशी पळेल हो?

बाबा : जिंकलात ना? मग झालं तर. अंतिम फेरी तोंडावर आलीय, आता नसते फाटे फोडू नकोस.

मुलगी : मी खालचा पुठ्ठा उचकटला. आत रिमोटचे सेल आहेत. आपल्या टीव्हीच्या.

बाबा : तो पुठ्ठा लाव आधी. कोणी बघेल.

मुलगी : सकाळी टीव्ही लागेना, तर तुम्ही म्हणालात, धाकट्याने रिमोट आपटला असेल. त्याला मी धपाटा घातला, बाबा.

बाबा : काल गॅलरीत गाडी सारखी अडत होती. तुझा चेहरा एवढासा झाला, मला बघवेना. मागच्या वर्षी हरलीस तेव्हा शाळेचं नाव काढू देत नव्हतीस. मग काय करणार मी?

मुलगी : अडत होती, कारण चाक घासत होतं. ते आम्ही तासलं. बुटकीची बोटं सोलली त्यात. तुम्ही विचारलंत तरी का?

बाबा : चुकलं माझं.

मुलगी : चारचौघांत सांगत फिरता, माझी पोर भारी डोक्याची. आणि मनात धरूनच चालला होतात की ही हरणार.

बाबा : तसं नाही गं, बाळा.

मुलगी : मग कसं?

बाई : (शाळेच्या बाई, लगबगीने येत) अगं, इथे काय करतेस? गाड्या रांगेत लागल्या! आणि तोंड का पाडलंयस?

मुलगी : बाई, आमची गाडी...

बाबा : थांब. मी बोलतो. बाई, गाडीत मी सेल लपवले होते. मुलींना काही ठाऊक नव्हतं. हे घ्या.

बाई : अहो, काय केलंत हे! आता गाडी बाद करण्यावाचून माझ्या हातात काही नाही. पोरींनी किती राबून केली होती...

मुलगी : बाई, बक्षीस नको. सगळं संपल्यावर एकदा नुसती चालवू? सेलशिवाय?

बाई : चालव गं. खुशाल चालव.

(बक्षिसं वाटून झाली आहेत. मैदान रिकामं.)

बाबा : बुटकी नाही थांबली?

मुलगी : गेली रडत. म्हणाली, तुला आधीपासून ठाऊक होतं. माझं ऐकूनच घेईना.

बाबा : मी जाऊन सांगतो तिला.

मुलगी : आधी हे बघा. सोडतेय.

बाबा : अगं, चालली की! काय झकास चाललीय! सावलीपाशी आली बघ... मंदावली. जरासं बोट लावू का? नुसतं बोट.

मुलगी : हात लावू नका, बाबा. थांबली तर थांबू दे.