कमी डोसच्या कप्प्यातली बारा डुकरं

सन्माननीय अध्यक्ष, संचालक महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले शेडवाले मामा, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी आणि सहकारी मित्रहो,

मामांनी अठ्ठावीस वर्षं या प्रयोगशाळेची डुकरं सांभाळली. त्याबद्दल मी गौरवाचे चार शब्द बोलावेत, असं ठरलंय. पण आधी एक सांगायचं राहिलंय. अकरा वर्षं राहिलंय.

जुन्या मंडळींना तो प्रयोग आठवत असेल. विषाणूचा डोस कमी-जास्त केला, तर डुकराच्या रक्तात प्रतिपिंडं कधी आणि किती तयार होतात, एवढंच पाहायचं होतं. एका कप्प्यात कमी डोसची बारा डुकरं, दुसऱ्यात जास्त डोसची बारा. कमी डोसवाली उशिरा प्रतिसाद देतील, हा आमचा कयास. आणि झालं काय? सातव्या दिवशी त्यांच्याच रक्तात प्रतिपिंडं भरपूर, जास्तवाली कोरी!

चौकशी बसली. मी छातीठोकपणे म्हणालो, "शेडमध्ये कानातले बिल्ले बदलले असणार." बिल्ले लावायचं काम मामांचं. त्यांना मेमो मिळाला, बढती हुकली. चोवीस डुकरं फुकट गेली.

चौकशीनंतर दोन दिवसांनी मी माझी वही उघडली. जास्त डोसच्या कुपीचा क्रमांक कमीच्या कप्प्यापुढे लिहिला होता. अक्षर माझंच. मी तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो. हे कारण आहे, समर्थन नाही.

मी सांगायला शेडवर गेलो. मामा फरशी धूत होते.

"काय साहेब, चेहरा का उतरलाय?"

"काही नाही, सहज आलो."

"माझ्याच हातून झालं असणार हो," ते म्हणाले. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

ते माझी समजूत घालत होते, आणि मी ती घालून घेतली! त्यानंतर मामा प्रत्येक बिल्ला तीन-तीनदा मोठ्यानं वाचायचे. लोक हसायचे. मीही हसलोय, मामा.

तुमचं काहीही चुकलं नव्हतं. ती वही आणि माझी लेखी कबुली आज सकाळी मी संचालकांना दिली आहे. मामी, ती गेलेली वर्षं मात्र मला भरून देता येणार नाहीत.

आनंदाच्या प्रसंगी हे बोललो, त्याबद्दल सभेनं मला क्षमा करावी. शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मामांकडे मी क्षमा मागत नाही. मागितली, तर ते लगेच देतील.