चुलीपाशी अडलेली पवनचक्की

शहाऐंशी साली गोराईच्या होडीची वाट बघत धक्क्यावर बसलो होतो. शेजारी टोपल्या घेऊन दोघी, मेबल आणि सुगंधा.

"मेबल, पवनचक्की तुझ्या बोंबील वाळवायच्या जागेवरच येणार म्हणे?"

"येणार होती. जिथे बोंबील लवकर वाळतात तिथे वारा जास्त, असं वारा मोजायला आलेल्या साहेबाला मीच सांगून बसले."

"स्वतःचीच वाट लावलीस की गं."

"मग कळलं, वस्तीला लागून चक्की लावत नाहीत. विचारलं, वस्ती म्हणजे काय? साहेब म्हणाला, जिथे माणूस राहतो, चूल पेटते."

"तिथे तर नुसत्या बोंबील टांगायच्या काठ्या."

"दुसऱ्या दिवशी चूल नेली, चटई नेली, फिलिपला नेला. आठ दिवस तिथेच संसार."

"नवरा आला मुकाट?"

"वाऱ्यात झोप झकास लागते म्हणाला."

"आणि साहेबाने मानलं?"

"रोज दुपारी उपाशी यायचा, माझ्या चुलीवरचं कालवण जेवायचा. शेवटी म्हणाला, बाई, हे घर नाही, मला ठाऊक आहे. म्हटलं, लिहा तसं."

"लिहिलं?"

"'वस्ती आहे' लिहिलं. चक्की टेकडीवर सरकवली. सही करायच्या आधी हात धुवायला पाणी मागितलं, बोटांना रस्सा होता."