सासूबाई पाठीवर

सिद्धगडावर मी सासूबाईंना पाठीवर घेतलं, ते सांगितलंच नाही ना तुम्हाला?

मी पहिल्यापासून काडी. मुरबाडच्या जिममध्ये वजनं उचलायला लागले, रोज अंडी, चवळी, दही खायला लागले, तरी अंगावर काही दिसेना. सासूबाई म्हणायच्या, "एवढा खाते, तो जातो कुठं गो?"

गेल्या थंडीत आम्ही दोघी गडावरच्या देवळात गेलो. उतरताना त्यांचा पाय मुरगळला. धुकं एवढं, की खालचं गाव दिसेना. मी त्यांच्यापुढे वाकून बसले. "आई, बसा पाठीवर."

"मोडशील गो!"

"बसा तर."

खांद्यावर वजन घेऊन उठायची सवय होती, तशीच उठले. पाय जराही थरथरले नाहीत. मग मी चालत राहिले, जणू ढगातूनच. कुठे पानांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

गावाची घरं दिसली तशी मी म्हटलं, "आई, सपाटी आली. उतरता का?"

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "थोडी आनखी चाल. माज्या आयशीनंतर मला कोनी उचलून घेतलाच नाय."