चुन्याचा एच

जयमाला : उद्या सकाळी आठ वाजता रायगड जिल्ह्याचा इतिहास कूस बदलणार आहे, धम्मदीप. तारीख लिहून ठेव.

धम्मदीप : आई, तू आधी स्टुलावरून उतर. पंखा मी पुसतो.

जयमाला : पुसत नाही, तपासतेय. उडायच्या आधी प्रत्येक पात्यावर हात फिरवून बघायचं असतं. याचं एक वाकलंय. या पंख्याला मी उड्डाणाची परवानगी देणार नाही.

धम्मदीप : परवानगीचंच बोलायचंय. उद्या तू जाऊ नकोस.

जयमाला : उद्या मी पहिल्यांदा हेलिकॉप्टर एकटी उडवणार आहे. शेजारच्या खुर्चीत शिकवणारे कॅप्टन गणराज नसणार. मैदानाला एक फेरी मारायची आणि उतरायचं. सात मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात तुझ्या कार्यालयात शिक्क्याचं झाकणसुद्धा उघडत नाही.

धम्मदीप : त्याच कार्यालयात तुझ्याविरुद्ध अर्ज आलाय. सत्तावीस सह्या, नऊ अंगठे. वाचू? "विषय : हेलिकॉप्टर शिकणाऱ्या म्हाताऱ्या बाईने वाळत घातलेले बोंबील उडवून लावल्याबाबत."

जयमाला : म्हातारी कुणी लिहिलं?

धम्मदीप : मुद्दा तो नाही. रेवदंड्याच्या बायका त्या मैदानाच्या कडेला बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगतात. मंगळवारी तू बरोबर त्यांच्या डोक्यावर आलीस.

जयमाला : अधांतरी थांबायचा सराव होता. तीन मिनिटं, जागच्या जागी. कॅप्टन म्हणाले, उत्तम.

धम्मदीप : कॅप्टन वर होते. खाली ते बोंबील मैदानापलीकडच्या घरातल्या सुचिताच्या साखरपुड्याच्या मांडवात जाऊन पडले. नवऱ्यामुलाच्या फेट्यात एक निघाला.

जयमाला : लग्न मोडलं?

धम्मदीप : नाही.

जयमाला : मग पोरीला घर चांगलं मिळालं म्हणायचं.

धम्मदीप : आणि साहेबांनी या अर्जाची चौकशी कुणाकडे दिली? माझ्याकडे. मी सख्ख्या आईला नोटीस काढू? आई, एकसष्टाव्या वर्षी बायका नातवंडं खेळवतात.

जयमाला : नातवंडांचं काम तुझ्या टेबलावर होतं. ते प्रलंबित आहे.

धम्मदीप : चेष्टा पुरे. प्रशिक्षण बंद करते, एवढंच लिहून दे. मसुदा मीच आणलाय. सही इथे.

जयमाला : मसुदा ठेव तिकडे आणि ऐक. चौतीस वर्षं शाळेत होते मी. कुणी मोठा माणूस सभेला उडत येणार म्हटलं की मुख्याध्यापक चुन्याचं घमेलं माझ्या हातात द्यायचे. म्हणे, जयमालाबाई, तुमचा एच सरळ येतो. मी भर उन्हात वाकून मैदानावर हेलिकॉप्टर उतरायच्या खुणेचा एच काढायचा. मग मला आणि पोरांना दोरीमागे उभं करायचं. ते उतरणार, धूळ आमच्या डोळ्यांत आणि चुना माझ्या पातळावर. अकरा वेळा काढला. पाय कशावर ठेवतोय, हे अकरांतल्या एकानेही खाली बघितलं नाही.

धम्मदीप : हे तू कधी बोलली नाहीस.

जयमाला : तू होतास की तिथे. तिसरीत. दोरीमागे झेंडा हलवत होतास. तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, नोटीस खुशाल काढा. मी ती खिशात घालून उडेन. वजन फारसं वाढणार नाही.

(दार वाजतं. अर्जावर पहिली सही जिची आहे ती केसर, रिकामी पाटी कमरेवर घेऊन, उंबऱ्याशी उभी.)

धम्मदीप : या, केसरताई. वेळेवर आलात. आता तुम्हीच सांगा हिला.

केसर : सांगायलाच आले. बाई, उद्या तुमी एकट्या उडनार असं कललं.

जयमाला : उडणार. सातवीत तुला विज्ञानात नापास केलं त्याचा राग आज काढू नकोस.

केसर : तो काढला अर्जात. पन मंगलवारचं एक लिवायचं ऱ्हायलं. जे बोंबील वलांडीवरून उडाले न्हाय, ते तुमच्या पंख्याच्या वाऱ्यानं त्याच दुपारी कडक वालले. एरवी तीन दिस जातात.

धम्मदीप : म्हणजे?

केसर : म्हंजे अर्ज मागं घेतला, साहेब. तुमी ताप घेऊ नका. आनि बाई, मैदानात आमी चुन्यानं एच काढलाय. शालेत तुमी काढायच्या तसा. तुमच्यावानी सरल न्हाय आला, एक पाय जरा वाकडाच हाय.

जयमाला : असू दे. मी खाली बघून उतरेन.

धम्मदीप : आई, मी येतो उद्या. दोरीमागे उभा राहीन.

जयमाला : ये. झेंडा नको आणूस.

केसर : बाई, एक इचारू?

जयमाला : विचार.

केसर : उतरायच्या आदी दोन मिन्टं आमच्या वलांडीवर थांबाल? या टायमाला सगले बोंबील घट बांधलेत.